झाडूच्या कडव्याची शेवटची ओळ

बॉस्टनहून एक मास्तर आमच्या गावात आले होते. जहाजांवरची जुनी कामाची गाणी ते जमवतात. न्यू बेडफर्डच्या धक्क्यावर ज्याला विचारलं त्याने त्यांना एकच सांगितलं, झाडूचं गाणं गिडियन टिल्टनचं, म्हातारा अजून आहे, बहिणीकडे राहतो. म्हणून ते आमच्या दारात आले.

मी खुर्चीत बसून गाणं म्हटलं. हे गाणं बसून म्हणायचं नसतं, पण माझे गुडघे आता उभं राहू देत नाहीत. मास्तरांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. त्यांची बायको ते पियानोवर बसवणार आहे म्हणे. जाताना म्हणाले, "आजोबा, हे कसं सुचलं तेही लिहून पाठवा. लोकांना गाण्याइतकीच त्यामागची हकीकत आवडते."

"लिहील की," माझी बहीण हेप्सी शेजारून म्हणाली. "अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आहे, पण लिहील. मी तपासून पाठवीन. नाव माझं आहे त्या गाण्यात, मला नको का बघायला?"

मला अक्षरं तिनेच शिकवली. चौदाव्या वर्षी मी देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर गेलो आणि बासष्टाव्या वर्षी गुडघे गेले तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात येऊन टेकलो. दुपारी भांडी आवरली की ती पाटी माझ्यासमोर ठेवायची. पहिला हिवाळा मी नुसता चिडत होतो. आता चौऱ्याहत्तर चालू आहे आणि बायबल मी न अडखळता वाचतो.

मास्तरांसाठी मी आधी अर्ध्या पानाची हकीकत लिहिली. हेप्सीने ती वाचली, डोळे पुसले, आणि म्हणाली, "सायलसला आवडली असती." ते पान तीन आठवडे टेबलावर पडून होतं. मी ते पाठवलं नाही. त्यात खोटं होतं. हे दुसऱ्यांदा लिहितो आहे.

सायलस मॅकम्बर म्हणजे हेप्सीचा नवरा. आमच्या 'मेहिटाबेल' जहाजावर तो भालाईत होता, मी साधा खलाशी. पण मी गाणारा होतो, आणि शिकारीच्या जहाजावर चांगल्या गाणाऱ्याला भालाइताच्या खालोखाल मान असे. सायलस मला मेहुण्या म्हणायचा, सगळ्यांसमोर, मुद्दाम ओरडून.

"मेहुण्या, आज आवाज कावळ्यासारखा येतोय. बहिणीकडून काही शिकला नाहीस का?"

"तिच्याकडून झाडू मारायला शिकलो," मी म्हणायचो. "तुला माहीतच आहे."

यावर सगळे हसत. कारण निघायच्या आदल्या दिवशी हेप्सीने त्याला चिखलाचे बूट घालून घरात आल्याबद्दल झाडू घेऊन अंगणभर पळवलं होतं, आणि जहाजावरच्या निम्म्या माणसांनी ते कुंपणावरून पाहिलं होतं. सहा फूट दोन इंचांचा माणूस. लग्नाला तेव्हा सात महिने झाले होते.

काम कसं चालायचं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मेलेला मासा जहाजाच्या उजव्या कुशीला साखळीने बांधतात. मग चरबी सोलायची. अंगावरची जाड घोंगडी एका कडेने ओढत न्यावी तशी ती पट्ट्यापट्ट्याने सोलत वर येते आणि खाली मासा पाण्यात हळूहळू फिरत राहतो. हा पट्टा ओढायला पुढच्या डेकवर रहाट असतो. त्याला दोन्ही बाजूंनी लांब दांडे, विहिरीच्या हापशासारखे. इकडे सहा माणसं, तिकडे सहा. इकडचा दांडा खाली आला की तिकडचा वर. साखळी गुंडाळत जाते, पट्टा वर येतो.

मी ओळ उचलायची, बाराही जणांनी झील धरायची. ओळीला दोन हापसे, झिलीला दोन. चार हापशांत साखळी हातभर वर येते.

रहाटावरच्या माणसांना मासा दिसत नाही. वारा, साखळीचा खडखडाट, समुद्रपक्ष्यांचा कालवा, यात कुणाचा हुकूमही ऐकू येत नाही. म्हणून आमच्या जहाजावर एक नियम होता. गाणाऱ्याने रहाटाच्या ओंडक्यावर चढून मागे तोंड करून उभं राहायचं. दुय्यम अधिकारी गिफर्ड कठड्याबाहेरच्या फळीवर असायचा. त्याने उजवा हात वर केला की गाणाऱ्याने जिथे असेल तिथे तोंड मिटायचं, शब्द अर्धा असला तरी. नुसतं थांबा म्हणून ओरडलं तर चार थांबतात, चार काय झालं विचारतात आणि चारांना ऐकूच जात नाही. गाणं तुटलं की बारा जण एकदम थांबतात. डोक्याला कळायच्या आधी त्यांच्या हातांना कळतं.

मास्तरांनी विचारलं होतं, या गाण्यांत असं काय आहे की तुम्हा लोकांना ती इतकी आवडतात. मला उत्तर देता आलं नव्हतं. आता सांगतो. तीन दिवसांत तुम्ही चार तास झोपलेले असता. तळव्यांची कातडी गेलेली असते. शेजारचा माणूस तुम्हाला आवडत नाही, परवाच त्याने तुमचा तंबाखू चोरला. अशात कुणी ओळ उचलतो आणि दुसऱ्या हापशाला तुमचे हात तुमचे राहत नाहीत. दुखतात, पण ते दुखणं तेरांत वाटलं जातं. आणि ओळ अर्धी झाली की उरलेली अर्धी ऐकल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. त्या उरलेल्या अर्ध्या ओळीवर आम्ही टनाचं वजन उचलायचो. मी तर गाणारा. मला एवढंच कळायचं की बारा दमलेली माणसं माझ्या तोंडाकडे बघत आहेत, आता मी काय म्हणतो म्हणून. इतका मान मला जमिनीवर कधी कुणी दिला नाही.

जपानच्या बाजूच्या समुद्रात, प्रवासाच्या दुसऱ्या वर्षी, एका सकाळी आम्ही मोठा मासा सोलत होतो. पूर्वेकडून हवा बिघडत होती म्हणून गिफर्डला घाई होती. पहिला पट्टा वर येताच त्याने तेल काढायची भट्टी पेटवायला लावली. एरवी ती दुपारनंतर पेटायची. भट्टी रहाट आणि मासा यांच्या मध्ये असते. काळा, तेलकट धूर डेकवर लोळायला लागला.

नवीन पट्ट्यासाठी माशाच्या पाठीवर उतरून आकडा बसवायचं काम भालाइताचं. सायलस कमरेला दोर बांधून खाली उतरला होता. पायाखाली निसरडं, पाण्यात शार्क. जाताना रहाटाजवळून गेला आणि म्हणाला, "मेहुण्या, आज काहीतरी नवीन म्हण. तीच ती गाणी ऐकून मासेसुद्धा कंटाळलेत."

"नवीन आहे," मी म्हणालो. "तुझ्यावरच आहे."

"माझं नाव घातलंस तर परत आल्यावर बघतो तुला."

"बायकोचं पण घातलंय."

तो हसत गेला.

गाण्याचं कडवं मी तीन दिवस मनात घोळवत होतो. आकडा बसल्याची खूण झाली, साखळी ताणली आणि मी सुरू केलं.

सायलस आमचा, भाला हाती,
 हो हो, दाबा रे!
साठ फुटी माशाला चारतो माती,
 हो हो, दाबा रे!
घरी निघाला की पाय लटपटती,
 हो हो, दाबा रे!

तिसऱ्या ओळीलाच माणसं हसायला लागली होती. काय येणार ते त्यांना कळलं होतं, आणि तरी ऐकायचं होतं. ती झील संपता संपता गिफर्डचा हात वर गेला.

धूर होता. पण त्या क्षणी वाऱ्याने तो बाजूला सारला होता. फळीवर उभा गिफर्ड, त्याची निळी बाही, पालथा पंजा, सगळं मला स्वच्छ दिसलं. आजही दिसतं.

आणि मी चौथी ओळ म्हटली.

हेप्सीचा झाडू दाराच्या पाठी,
 हो हो, दाबा रे!

मुद्दाम म्हटली असं नाही. पण दिसलं नव्हतं असंही नाही. दिसलं, कळलं, आणि मनात आलं की एवढीच ओळ राहिली आहे. बारा जण झील धरून इतके हसले की एकाला ठसका लागला. मग मी थांबलो. दांडे थांबले. तेव्हा खालचा आवाज ऐकू आला.

आकडा नीट बसला नव्हता. तो सरळ करायला सायलसने हात घातला होता आणि बाही साखळीत सापडली होती. तेवढ्यावर थांबलं असतं तर बाही गेली असती, फार तर दोन बोटं. चार हापशांत साखळी हातभर वर आली. तिने त्याला खांद्यापर्यंत आत ओढलं आणि पट्ट्याच्या वजनाखाली जहाजाच्या कुशीवर दाबलं.

त्याला वर आणून शिडाच्या कापडावर झोपवलं. तो दुपारपर्यंत होता. बराच वेळ शुद्ध नव्हती. एकदा डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "इतका वेळ?"

गिफर्डला वाटलं, पाणी आणायला वेळ लागला म्हणून विचारतो आहे. त्याने स्वतः भांडं त्याच्या तोंडाला लावलं. सायलस प्यायला नाही. माझ्याकडेच बघत राहिला.

संध्याकाळी त्याला समुद्रात सोडलं. मग गिफर्डने मला कठड्याशी बोलावलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"गिडियन, माझा हात दिसला नाही का तुला?"

"धूर होता, साहेब," मी म्हणालो.

तो भट्टीकडे वळला. "मीच पेटवायला लावली," म्हणाला. "पिंपं बांधणारा एनॉस सांगत होता दुपारपर्यंत थांबा म्हणून."

मी त्याला तसंच समजू दिलं. त्या दिवसापासून 'मेहिटाबेल'वर सोलणं संपेपर्यंत भट्टी पेटली नाही. गिफर्ड त्या प्रवासानंतर पुन्हा जहाजावर चढला नाही. पिऊन पिऊन चार वर्षांत गेला. मरेपर्यंत तो दर नाताळला हेप्सीच्या दारात लाकडं टाकून जायचा आणि तिच्याशी नजर मिळवायचा नाही.

दुसऱ्या दिवशी मासा तसाच बांधलेला होता. काम संपवायचं होतं. मी ओंडक्यावर चढलो आणि माझ्या तोंडून आवाज फुटेना. माणसांनी गाण्याविना दांडे मारून पाहिले. एक बाजू पुढे, एक मागे, पट्टा दोनदा निसटला. शेवटी पिंपं बांधणाऱ्या म्हाताऱ्या एनॉसने स्वतःच्या फाटक्या आवाजात सायलसचं कडवं उचललं. सगळ्यांनी झील धरली. कुणाचे डोळे कोरडे नव्हते, आणि दांडे एकसारखे चालले होते. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. तो त्यांचा सायलस होता, ते त्याचं कडवं होतं. त्यानंतर प्रत्येक माशाला ते म्हटलं गेलं. म्हणायला मीच असायचो.

समुद्रात दोन जहाजं भेटली की एखादा दिवस शेजारी उभी राहतात. लोक एकमेकांकडे जातात, तंबाखू बदलतात, पत्रं देतात, गाणी घेतात. नॅन्टकेटच्या एका जहाजाने आमच्याकडून ते कडवं नेलं. त्यांच्याकडून फेअरहेवनच्या जहाजाने. गाणं असं हातोहात जातं तेव्हा कुणाचं, कुठून, पुढे काय झालं, हे कुणी बरोबर देत नाही. कप्तानाने हेप्सीला लिहिलेलं पत्र आम्ही दुसऱ्या एका जहाजाकडे दिलं होतं. ते डोलकाठी मोडून चिलीच्या बंदरात अडकून पडलं.

आम्ही परतलो ते पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात. धक्क्यावर हेप्सी उभी होती. मी उतरताच धावत आली.

"दादा, गाणं तूच केलंस ना? मला कळलं. फेअरहेवनचं जहाज नोव्हेंबरात आलं, ते लोक दोर ओढताना म्हणत होते. मी विचारलं, ही हेप्सी कोण रे? तर म्हणे, असेल कुणा भालाइताची भांडखोर बायको. मी सांगितलं, मीच ती. मग त्यांनी मला पुन्हा म्हणून दाखवलं. सगळं गाव म्हणतंय आता." ती माझ्या खांद्यावरून जहाजाकडे बघत होती. "कुठे लपलाय तो? सांग त्याला, झाडूला निळी फीत बांधून ठेवलीय, दाराच्या पाठी."

सात महिने ती ते गाणं म्हणत होती. चूल पेटवताना, धुणं वाळत घालताना. त्याला जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं.

मी तिला तिथेच, पिंपांच्या आडोशाला सांगितलं. ती खाली बसली. रडली नाही. मग विचारलं, "कसा?"

"धुरात हात दिसला नाही," मी म्हणालो.

"गाणं झालं होतं का तेव्हा? त्याने ऐकलं का?"

"ऐकलं."

"हसला?"

"हसला," मी म्हणालो. तो गाणं सुरू व्हायच्या आधी हसला होता.

तिने मान हलवली. "मग बरं झालं," म्हणाली. कप्तानाचं पत्र अकरा दिवसांनी आलं. ते तिने उघडलंही नाही.

तिने पुन्हा लग्न केलं नाही. ते कडवं मात्र सोडलं नाही. मी दोन-तीन वर्षांनी प्रवासाहून यायचो, ती मक्याची पोळी आणि काकवी पुढे ठेवायची आणि मोरीतला हापसा मारताना तेच गुणगुणायची. हापशाला ते चांगलं बसतं. बसणारच. मी दर वेळी ठरवायचो की या खेपेला सांगू. मग ती म्हणायची, दादा, तुझ्याशिवाय मला कोण आहे. आणि मी पुन्हा जहाज धरायचो. तेहतीस वर्षं मी बाकी सगळी गाणी म्हटली, आणि गिफर्डसारखा हात कुणी वर करायच्या आधीच थांबायला शिकलो. लोक म्हणायचे, टिल्टनसारखा सावध गाणारा नाही.

मास्तरांच्या वहीत ते उतरलं तेव्हा मला भीती वाटली. ते आता छापलं जाईल. पियानोशी बसून कोणी पोरगी चौथी ओळ म्हणेल आणि लोक हसतील. खाली माझी अर्ध्या पानाची हकीकत असेल, धुराची. गिफर्डचं नावही त्यात आहे.

इथपर्यंत मी लिहिलं आणि काल सकाळी सगळी पानं हेप्सीच्या ताटाशी ठेवली. बोलून सांगायचं धैर्य मला पंचेचाळीस वर्षांत झालं नाही. तिनेच शिकवलेल्या अक्षरांत सांगितलं.

यापुढचं आज लिहितो आहे.

तिने चष्मा लावला आणि खिडकीशी बसून वाचलं. नेहमी ती हातात पेन्सिल घेऊन वाचते. काल पेन्सिल टेबलावरच राहिली. एका पानावर ती फार वेळ थांबली. मी शिंपल्यांच्या कालवणाकडे बघत होतो, ते चुलीवर लागत होतं, पण उठायला हिंमत होईना.

वाचून झाल्यावर तिने पानं सारखी केली.

"हात वर गेल्यावर किती हापसे?" तिने विचारलं.

"चार."

ती उठली, मोरीशी गेली. हापशाचा दांडा धरला आणि खाली दाबला. एक. सावकाश, रहाटाला लागतो तेवढा वेळ घेऊन. इतकी वर्षं गुणगुणून तिला तो ठेका माझ्याइतकाच पाठ आहे. दोन. तोटीतून पाणी आलं. तीन. चार. दांडा तिने वरच धरून ठेवला.

"एवढा?"

"एवढा."

"बराच वेळ असतो, दादा," ती म्हणाली.

मग तिने कालवण उतरवलं, मला वाढलं, स्वतःला वाढलं नाही. दुपारी मास्तरांच्या पत्त्याचं पाकीट तयार केलं. मी विचारलं, कोणती हकीकत घालते आहेस. ती म्हणाली, "ही. गाणं द्यायचं तर असं द्यायचं. गिफर्डची मुलगी फॉल रिव्हरला असते, तिला नक्कल करून पाठव. तुझ्या हाताने." मी म्हणालो, करतो. ती म्हणाली, "सायलसने काय विचारलं होतं, ते मला त्याच दिवशी सांगायचं होतंस. ते माझं होतं."

माझ्या उत्तराची तिने वाट पाहिली नाही.

मला घरातून जा असं तिने म्हटलेलं नाही. आज सकाळी माझ्या आधी उठून ती एकटी जेवली आणि माझी थाळी झाकून ठेवून शेजारी गेली. झाडू दाराच्या पाठी असतो, तो आज तिथे नाही. जाण्याआधी तिने पाणी भरलं. मी माझ्या खाटेवरून ऐकत होतो. नुसता दांडा वाजत होता. चार झाले की ती थांबायची, मग पुन्हा चार.